झोप कमी म्हणून ताण, की ताण म्हणून झोप कमी? प्रकल्पावर लाल गोल पडलाय

रात्रपाळीवाला (इचलकरंजी)

नमस्कार मंडळी. वय ३९, यंत्रमागावर जॉबर आहे, म्हणजे माग आणि कामगार दोन्हींवर देखरेख. बारावीला सुटलेलं शिक्षण आता बाहेरून पुरं करतोय. बी.ए. पहिलं वर्ष, विषय मानसशास्त्र. पुस्तक रात्री खात्यातच, म्हणजे मागांच्या शेडमध्येच वाचतो. एवढ्या खडखडाटात एक माग जरी बंद पडला तरी कान टवकारतात, त्यामुळं वाचायला धास्ती नाही.

प्रकल्पाला 'झोप आणि ताण' घेतला. आमच्या आणि शेजारच्या खात्यातल्या ३१ कामगारांना विचारलं, काल किती तास झोपलास? मग दहा प्रश्नांची ताणाची प्रश्नावली भरून घेतली, ती ० ते ४० गुणांची. बिहारच्या पोरांना मराठी वाचता येत नाही, त्यांना मीच हिंदीत सांगितली. सहसंबंध गुणक (दोन गोष्टी किती जोडीनं बदलतात त्याचा आकडा) आला उणे ०.५८, म्हणजे झोप कमी तिथं बहुधा ताण जास्त. तीनदा आकडेमोड केली, पोरानं मोबाईलवर ताडून बघितली, तेवढाच. त्या पहाटे टपरीवर दोन वडे जास्त खाल्ले.

निष्कर्ष लिहिला: 'कमी झोपेमुळे कामगारांचा ताण वाढतो.' सरांनी त्यातल्या 'मुळे' भोवती लाल गोल काढला. बाजूला एक अक्षर नाही. विचारलं तर म्हणाले, "विचार करा."

तीन दिवस करतोय. बारा तासांची पाळी, आठवड्याला दिवस-रात्र बदल. झोप मोडली की डोकं कसं फिरतं हे मला आणि कुणी शिकवायचं? चुकलं कुठं?

खमंग काकडी

दादा, वाक्य उलटं लिहून बघा. 'ताणामुळे कामगारांची झोप कमी होते.' आता गुणक परत काढा. उणे ०.५८ च येणार. आकड्याला कुठलं आधी आणि कुठलं नंतर ते कळत नाही.

निवृत्त मास्तरीण (सांगली)

काकडीनं थोडक्यात सांगितलं, मी जरा लांबण लावते. तीस वर्षं हाच धडा शिकवलाय, सवय जात नाही.

१९५८ साली अमेरिकेत जोसेफ ब्रॅडी आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या चार जोड्या घेतल्या. जोडीतल्या दोघांनाही विजेचा झटका एकाच वेळी, तेवढाच. फरक इतकाच की एकाच्या हाताशी कळ होती. ती वेळेत दाबत राहिलं तर झटका लांबायचा, दोघांचाही. सहा तास हे काम, सहा तास सुट्टी. कळ सांभाळणाऱ्या माकडांच्या पोटात व्रण झाले, ती मेली. शेजारची धडधाकट. ताबडतोब निष्कर्ष निघाला की जबाबदारी माणसाचं पोट जाळते. साहेब लोकांना तो फार आवडला. आपण हुद्द्यामुळं आजारी पडतो हे ऐकायला कुणाला नको असतं?

आता गोम ऐका. कळ कोणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं. आधीच्या चाचणीत जी माकडं चटाचट कळ दाबत होती, तीच निवडली. म्हणजे मुळातच जास्त उतावीळ. पुढं १९७० च्या सुमारास जे वाइस यांनी उंदरांवर हाच प्रकार केला, पण कोण कुठल्या गटात हे नशिबावर सोडलं. निकाल उलटा! ज्यांच्या हाती उपाय होता त्यांना व्रण कमी, आणि हतबल बसलेल्यांना जास्त.

तर तुमच्या सरांचा गोल म्हणजे एवढंच: तुमच्या ३१ जणांना कमी झोप कोणी 'वाटली'? त्यांच्या वाट्याला ती कशी आली?

रात्रपाळीवाला

बाई, माकडांचं पटलं. पण मी काय चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना झोपवू आणि निम्म्यांना जागं ठेवू? मालक मलाच घरी बसवेल.

सिस्टर (रात्रीची ड्युटी)

मध्ये बोलते. त्याच्याही आधी, 'किती तास झोपलास' या प्रश्नावरच माझा विश्वास नाही. वॉर्डात सकाळी पेशंट सांगतात, "सिस्टर, डोळ्याला डोळा लागला नाही." दोनच्या राउंडला हेच गृहस्थ घोरत असतात. उलटंही असतं. दहाला आडवे झाले, सहाला उठले, म्हणून 'आठ तास' सांगणारा मध्ये पाच वेळा उठलेला असतो. आठ तास अंथरुणात होता, झोपेत नव्हे.

आणि भाऊ, विचारलं कोणी? जॉबरनं. तुमच्या हाताखालचा पोरगा तुम्हाला 'झोप होत नाही' म्हणेल का? उद्या मागावर डुलकी लागली तर तुम्हीच बोलणार ना. प्रश्नावली वाचून दाखवणाराही तुम्हीच. ते ०.५८ मला थोडं त्या भीतीचंही वाटतं.

निवृत्त मास्तरीण (सांगली)

सिस्टर, शाब्बास. अंथरुण आणि झोप यातला फरक चेन्नईत मोजला गेलाय. कमी मिळकतीची ४५२ माणसं, मनगटावर हालचाल टिपणारं घड्याळ. रात्री आठेक तास अंथरुणात, आणि प्रत्यक्ष झोप साडेपाच तासांच्या आसपास. गर्मी, डास, आवाज, दाटीची घरं. इचलकरंजीला वेगळं सांगायला नको.

आणि दादा, तुमच्या 'चिठ्ठ्या कशा टाकू' चं उत्तरही तिथंच आहे. जागं ठेवायचं नाही, झोप वाढवायची! काहींना झोपेचं सामान आणि जास्त झोपायला प्रोत्साहन दिलं, काहींना नाही; कोणाला काय हे चिठ्ठीनं. रात्रीची झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढलीसुद्धा. पण त्यांच्या डेटा एन्ट्रीच्या कामात, एकाग्रतेत, मनःस्वास्थ्यात म्हणावा असा फरक पडलाच नाही. पडला तो कशानं? दुपारी कामाच्या जागीच अर्धा तास डुलकी काढू दिली त्यानं. अर्थात डुलकीचा वेळ कामातून गेला, तो हिशेब वेगळा. २०२१ साली हे छापून आलं तेव्हा मी स्वतः दुपारी पडायला लागले आणि घरच्यांना शास्त्राधार दाखवला.

'झोप वाढली की सगळं सुधारतं' ही गोष्ट आपण सगळे धरून चालतो. म्हणून मोजायचं.

खमंग काकडी

मालकाला हे वाचायला पाठवा. डुलकी मंजूर.

रात्रपाळीवाला

उशीर झाला, दिवसपाळी लागली होती.

बाईंचा 'वाटली कोणी' हा प्रश्न घेऊन परत कागद काढले. ताण ३० च्या वर असलेले सहा जण. नावं बघितली आणि जीभ चावली. सहापैकी पाच जणांनी गणपतीच्या आधी मालकाकडनं उचल घेतलेली. एकाच्या बहिणीचं लग्न, एकाच्या बापाचं ऑपरेशन, बाकीच्यांचं गावाकडचं देणं. उचल फिटेस्तोवर डबल पाळीला नाही म्हणता येत नाही. म्हणजे झोप तिथंच गेली आणि ताणही तिथनंच आला. माझ्या कागदावर मात्र दोघंच एकमेकाकडं बोट दाखवत उभे. उचलीचा रकानाच नव्हता. वीस वर्षं खात्यात आहे, मला सुचला नाही.

दुसरं, श्रावणात दोन पोरं काम सोडून गेली. रात्रपाळी सोसेना म्हणाली. ती माझ्या ३१ मध्ये नाहीत. जे टिकले त्यांनाच मी विचारलं.

'मुळे' खोडलं. 'कमी झोप आणि जास्त ताण एकत्र आढळले' असं लिहिलं. वाक्य मिळमिळीत झालं, पण असू दे.

आता शंका. उचलीबद्दल सगळ्यांना परत विचारू का? कुणी किती घेतली हे एकमेकांना माहीत नसतं. आणि वही मालकाच्या हाती लागली तर?

निवृत्त मास्तरीण (सांगली)

तुम्ही विचारू नका. प्रत्येकाला नाव न लिहिता चिठ्ठी डब्यात टाकू दे: पाळी, झोप, ताणाचे गुण, उचल आहे की नाही. रक्कम नको. नको वाटेल त्याने टाकू नये, त्याला कारण विचारायचं नाही. आणि डबा खात्यात ठेवू नका, टपरीवर ठेवा.

सिस्टर (रात्रीची ड्युटी)

आणि जुन्या कागदांवरची नावं आजच फाडा. सबमिशनची वाट बघू नका.