रात्री दहानंतरची गिटार : हेडफोन निवडतानाचे तुमचे अनुभव

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीत आमचं वन बीएचके आहे. मी, नवरा, सासूबाई आणि सात महिन्यांची लेक. लग्नाआधी घेतलेली इलेक्ट्रिक गिटार चार वर्षं कपाटावर पडून होती. यंदा दिवाळीच्या साफसफाईत खाली काढली, तारा बदलल्या आणि बोटं पुन्हा शिवशिवायला लागली. पण ऑफिस, लोकल, जेवणं, लेकीला झोपवणं हे सगळं उरकेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात. भिंतीपलीकडे शेजारचे आजोबा आजारी आहेत. अ‍ॅम्प लावणं शक्य नाही, आणि लावूही नये.

माझ्या जुन्या दहा वॉटच्या अ‍ॅम्पला हेडफोन लावायची सोय आहे. तिथे मोबाइलचे इअरफोन लावून पाहिले. क्लीन आवाज ठीक येतो, पण गेन (आवाज फाटका, खरखरीत करणारं बटण) वाढवला की कानात पत्रा खरवडल्यासारखं होतं. स्पीकरवर तोच आवाज किती भरदार लागतो! दोष इअरफोनचा, अ‍ॅम्पचा की आणखी कशाचा, काही कळत नाही.

घरी गिटार वाजवताना तुम्ही कोणते हेडफोन वापरता, ते कशाला जोडता आणि निवडताना कुठे चुकलात, हे सविस्तर लिहाल का? मॉडेलचं नाव सांगून थांबू नका. तुमच्या घरात, तुमच्या माणसांत ते कसं निभतं तेही लिहा. बजेट सगळं धरून वीस हजार.

पुणे, सिंहगड रस्ता

ताई, इअरफोनवर राग काढू नका. मी हीच चूक तीन वर्षं केली. दोन हेडफोन बदलले आणि दोष दोन्हींचा नव्हता.

गिटारच्या अ‍ॅम्पमधला स्पीकर हा गाणी ऐकायचा स्पीकर नसतो. बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने गाळतो. आपली सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तर मूळ सूर ८२ हर्ट्झचा. पण डिस्टॉर्शन, म्हणजे गेन वाढवून मुद्दाम फाडलेला आवाज, चढवलं की त्यातून वरच्या पट्टीतले असंख्य कर्कश स्वर तयार होतात. स्पीकर ते गिळून टाकतो आणि आपल्याला वाटतं, अ‍ॅम्पचा आवाज किती गोड आहे. हेडफोन मात्र वीस हजार हर्ट्झपर्यंत सगळं प्रामाणिकपणे ऐकवतात. अ‍ॅम्पमध्ये हेडफोनच्या वाटेवर स्पीकरची नक्कल करणारं सर्किट नसेल, तर तुम्हाला ऐकू येतो तो न गाळलेला आवाज. तुमचा पत्रा तोच.

या नक्कलेला कॅब सिम म्हणतात. संगणकावर करायचं असेल तर इम्पल्स रिस्पॉन्सची फाइल वापरतात, म्हणजे खरा कॅबिनेट (स्पीकरचा डबा) आणि त्यापुढे ठेवलेला माइक यांचा मिळून घेतलेला ठसा. मी फोकसराइट स्कार्लेट सोलो हा ऑडिओ इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडणारं यंत्र), लॅपटॉप आणि न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरतो. डोक्यावर सोनी एमडीआर-७५०६. एकदा मुद्दाम कॅबिनेटची फाइल बंद करून वाजवा आणि मग चालू करून वाजवा. हेडफोन तेच, गिटार तीच, पण आवाज ओळखू येणार नाही इतका बदलतो. मला तर त्या रात्री आधी विकून टाकलेल्या दोन्ही हेडफोनांची माफी मागावीशी वाटली.

दुसरी गोष्ट मोकळेपणाची. अ‍ॅम्पसमोर उभं राहिलो की खोलीच्या भिंतींवरून परतलेला आवाज कानात मिसळतो. हेडफोनमध्ये खोली नसते, आवाज कवटीच्या मधोमध अडकल्यासारखा वाटतो. थोडासा रूम रिव्हर्ब, म्हणजे खोलीतल्या घुमण्याची नक्कल, तोही स्टिरिओ, टाकला की तो बाहेर सरकतो. हे मी आधी कुणाकडून ऐकलं असतं तर फार वेळ वाचला असता.

ही धडपड आजची नाही. बोस्टन बँडचा टॉम शोल्झ हा एमआयटीत शिकलेला इंजिनिअर. त्याने १९८२ साली रॉकमन नावाचा कमरेला लावायचा हेडफोन अ‍ॅम्प काढला, तोही नेमका याच प्रश्नावर: स्पीकर नसताना स्पीकरसारखं कसं ऐकू यावं. तेव्हा बजेट वाटताना आधी गिटार कशाला जोडायची ते ठरवा. उरलेल्या पैशात हेडफोन बघा.

नागपूर

मी बी.ई.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडे चांगले ब्लूटूथ हेडफोन होते, गाणी त्यावर मस्त वाजायची. तेच अ‍ॅम्पच्या अ‍ॅपबरोबर जोडून दोन महिने सराव केला. मेट्रोनोमबरोबर हात बसेचना. मला वाटलं माझा ताल गेला. गिटार विकायचं मनात आलं होतं, खरंच.

शेवटी सरांना सांगितलं. त्यांनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावले, एक तार छेडली आणि लगेच काढून ठेवले. म्हणाले, बेटा, तुझा हात बरोबर आहे, आवाज उशिरा येतोय. साध्या ब्लूटूथला दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे मी वाजवलेलं मला पुढचा स्वर वाजवून झाल्यावर ऐकू येत होतं. याउलट अ‍ॅम्पपासून तीन मीटर लांब उभं राहिलं तर आवाज पोचायला जेमतेम नऊ मिलिसेकंद लागतात.

त्या संध्याकाळी सरांचे वायरवाले हेडफोन लावून वाजवलं आणि डोळ्यांत पाणी आलं. गिटारला बिनवायरीचे घ्यायचेच असतील तर गिटारसाठी वेगळा ट्रान्समीटर असलेले बघा, बॉसच्या वाझा-एअरसारखे. पण ते महाग आहेत. मोबाइलवरचं बॅकिंग ट्रॅक (साथीचं तयार संगीत) ब्लूटूथने आत घेतलं तर काही बिघडत नाही, कारण आपण त्या गाण्याच्या मागून जातो. स्वतःची गिटार मात्र वायरनेच ऐकायची.

हाइलब्रॉन, जर्मनी

मूळची सांगलीची, सहा वर्षं इथे आहे. इथे हाइलब्रॉनमध्येच बायरडायनॅमिक ही हेडफोनची कंपनी आहे. १९३७ साली डीटी ४८ हा हेडफोन काढला तेव्हा ती बर्लिनमध्ये होती, युद्धानंतर इथे आली. मी डीटी ७७० प्रो वापरते. हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम (हेडफोनचा विजेला होणारा अडथळा) असा तीन प्रकारांत मिळतो, आणि घेणाऱ्याचा घोळ इथेच होतो. मोबाइल किंवा छोट्या बॅटरीवरच्या यंत्रातून २५० ओहमचे हेडफोन चालवले तर आवाज दबका येतो. पूर्ण फिरवूनही पोट भरत नाही. माझ्या एका मित्राने जास्त ओहम म्हणजे जास्त दर्जा असं समजून दुसऱ्या एका कंपनीचे महागडे हेडफोन घेतले आणि ते चालवायला वेगळा अ‍ॅम्प घ्यावा लागला. ऑडिओ इंटरफेस असेल तर ८० चालतात, खिशातल्या यंत्राला ३२ च्या आसपासचे घ्यावेत. माझे ८० ओहमचे आहेत, वायर सरळ तीन मीटर. गाद्या मखमली, चष्म्याच्या काड्या रुतत नाहीत. ज्यांना चष्मा आहे त्यांनी हे नक्की तपासावं, कारण काडीमुळे फट राहिली की खर्ज गळतो.

इथे रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ पाळावी लागते, रविवारी तर दिवसभर. हेडफोन घेतले आणि मी निश्चिंत झाले. आठवड्याने दाराला चिठ्ठी: रोज रात्री वरून ठोके ऐकू येतात. तो माझा ताल देणारा पाय होता! लाकडी जमीन, आणि कान बंद असल्यामुळे मला स्वतःला काहीच ऐकू येत नव्हतं. आता पायाखाली जाड सतरंजी घेते, आईने सांगलीहून पाठवलेली.

लातूर जिल्हा

आमच्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. व्हॉक्सचा अ‍ॅमप्लग थेट गिटारच्या जॅकमध्ये बसतो, दोन पेन्सिल सेलवर, तेही बारीकवाले, कित्येक तास चालतो. वायर असलेले साधे इअरफोन त्याला लावतो. शेतातल्या खोलीवर रात्री पाण्याची पाळी असली की मोटर चालू होईपर्यंत वाजवत बसतो. माझं एवढ्यावर भागतं. नवीन मुलांना एक सांगतो: हेडफोन थेट गिटारमध्ये खुपसू नका. पिकअपचा (तारांखालच्या चुंबकी पट्टीचा) सिग्नल फार क्षीण असतो, हेडफोन हलवायची ताकद त्यात नसते. मधे काहीतरी हवंच.

ठाणे

मी वाजवत नाही, माझे मिस्टर वाजवतात. दुसऱ्या बाजूने लिहिते.

त्यांनी आधी उघड्या पाठीचे हेडफोन आणले होते. मागून जाळी असलेले. त्यांना आवाज फार आवडला, म्हणाले खोलीत अ‍ॅम्प असल्यासारखं वाटतं. पण शेजारी पुस्तक वाचत बसलेल्या मला सगळं गिटार ऐकू येत होतं, बारीक, सायकलच्या घंटीसारखं. एकच फ्रेज चाळीस वेळा. आम्ही बोललो आणि त्यांनी बंद पाठीचे घेतले. तरी हे लक्षात ठेवा की इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचा स्वतःचा टणटण आवाज राहतोच. रात्री शांततेत तो पलंगापर्यंत येतो. त्याला हेडफोन काही करू शकत नाही, दाराआड बसणं हाच उपाय.

आणि बंद पाठीचे घेतले की माणूस घरातून नाहीसा होतो. एकदा माझे सासरे न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि हाका मारत होते. हे पाच हातांवर होते. फार लागलं नाही, पण त्या रात्रीपासून आमच्याकडे नियम आहे, एक कान मोकळा ठेवायचा. डोंबिवलीच्या ताई, तुमची मुलगी लहान आहे म्हणून हे मुद्दाम लिहिलं. ज्यांची वाटी नव्वद अंश वळते असे घ्या, म्हणजे एक बाजू कानामागे सरकवता येते.

गिरगाव, मुंबई

आमच्या चाळीतलं वायरिंग जुनं. लॅपटॉप चार्जरला लावून वाजवलं की हेडफोनमध्ये सतत घूं, तारांना हात लावला की कमी, सोडला की जास्त. तीन महिने हेडफोन आणि केबल बदलत बसलो. शेवटी वायरमनने सॉकेट तपासलं, अर्थिंगच नव्हतं. ते करून घेतलं आणि घूं गेली. तोवर लॅपटॉप बॅटरीवर ठेवूनही काम भागत होतं. अर्थिंग मात्र आवाजासाठी नाही, जिवासाठी करून घ्या.

मुंबईच्या घामाबद्दलही लिहायला हवं. नकली चामड्याच्या गाद्या माझ्याकडे दोन पावसाळे टिकल्या, मग काळे पापुद्रे कानाला आणि उशीला. आता घेताना गाद्या वेगळ्या विकत मिळतात का, हे आधी बघतो.

कोल्हापूर

मुली, मी सदुसष्ट वर्षांचा आहे. ऑर्केस्ट्रात बावीस वर्षं गिटार वाजवली. गणपती, लग्नं, जत्रा. स्टेजवर माझी जागा डाव्या बाजूच्या कर्ण्याजवळ. तेव्हा कुणी कानाची काळजी घ्या म्हणून सांगितलं नाही. आता डाव्या कानात दिवसरात्र शिटी वाजते. झोपताना पंख्याचा आवाज लागतो, नाहीतर ती शिटीच ऐकू येते.

हेडफोन लावला की आवाज आपल्या एकट्याचा, कुणी ओरडणार नाही, म्हणून माणूस वाढवत जातो. दहा मिनिटांनी कान सरावतो, पुन्हा थोडा वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण असं आहे की ८० डेसिबल आठवड्याला चाळीस तास चालतं, पण ९० डेसिबल आठवड्याला फक्त चार तास. दहाचा फरक दिसायला लहान, पण चाळीसाचे चार होतात.

मी काय करतो ते सांगतो. दिवसाच्या पहिल्या मिनिटाला, कान ताजे असताना, आवाज ठरवायचा. मग बटणाला हात लावायचा नाही. सोलो ऐकू येत नसेल तर ट्रॅक कमी करायचा, गिटार वाढवायची नाही. अर्ध्या तासाने दहा मिनिटं उतरवून ठेवायचे. माझं घर स्वतःचं, मुलं बाहेरगावी, त्यामुळे अर्धउघडे एकेजी के-२४० वापरतो. त्यात कानाला हवा लागते आणि मंडळी चहाला बोलवतात ते ऐकू येतं. तू बंद पाठीचेच घे, पण आवाज बेताचा ठेव. तुला अजून लेकीचे बोल ऐकायचे आहेत.

डोंबिवली

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काका, तुमचं लिहिणं नवऱ्याला वाचून दाखवलं.

गेल्या शनिवारी गिटार खांद्याला लावून धोबी तलावला फुर्ताडोज या वाद्यांच्या दुकानात गेले. पुण्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे आधी यंत्र ठरवलं: फेंडर मस्टँग मायक्रो, गिटारच्या जॅकमध्येच बसतं, चार्ज होतं, अ‍ॅम्पबरोबर कॅबिनेटची नक्कल आत आहे. गेन चढवला आणि पत्रा गायब. दुकानात उभी राहून मी तीच एक कॉर्ड कितीतरी वेळ वाजवली. मग त्यावर तीन हेडफोन लावून पाहिले, प्रत्येकावर एकच फ्रेज, आवाज सारखा ठेवून. त्यातला एक खर्ज फुगवून देणारा होता. गाण्यांना छान वाटला, पण जाड तारांवर पाम म्यूट केलं (तळहाताने तारा दाबून वाजवलं) की सगळा लगदा. ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम४०एक्स घेतला. ३५ ओहम, बंद पाठ, वाट्या नव्वद अंश वळतात. बजेट थोडं ओलांडलं.

डावी वाटी कानामागे असते, कारण पाळणा डावीकडे. कोल्हापूरच्या काकांचं ऐकून आवाजाच्या चाकावर नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे, त्यापुढे जायचं नाही. बसते स्वयंपाकघरात, दार लोटून, पायाखाली गोधडी. हेडफोनबरोबर दोन वायरी आल्या, एक सरळ तीन मीटरची आणि एक गुंडाळीची. सरळ वायर पहिल्याच रात्री गॅसच्या ओट्याच्या कडीला अडकली, म्हणून गुंडाळीची लावली. ती मात्र गिटारच्या अंगावर घासते आणि तो खरखराट कानात येतो. वायर पाठीवरून पट्ट्यात अडकवून बघते आहे. तुमच्यापैकी कुणी यावर दुसरा काही उपाय केला असेल तर लिहा.