'बदल कायम करा' की 'कायम ठेवा'? आणि 'रद्द करा' म्हणजे नक्की काय रद्द?

ॲक्सेसमधल्या (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) एका फॉर्मवर काम चालू आहे, स्क्रीनवरचं सगळं मराठीत हवंय. ऑपरेटर जुनी नोंद उघडतो, काहीतरी बदलतो आणि पुढच्या नोंदीवर गेला की ॲक्सेस काही न विचारता सेव्ह करून मोकळं होतं. (डावीकडच्या पट्टीत पेन्सिल दिसतेय तोवर बदल कच्चा, पेन्सिल गेली की पक्का, पण तिकडे बघतंय कोण.) म्हणून सेव्ह व्हायच्या आधी एक प्रश्न विचारायचा ठरवला. कोड पाच ओळींचा, अडलंय ते शब्दांवर.

पहिल्या खेपेला मी लिहिलं 'बदल रद्द करायचे का?' आणि खाली दोन बटणं, 'होय' आणि 'रद्द करा'. एका ताईंनी चुकून पत्त्यात काहीतरी टाइप केलं, प्रश्न आला, त्यांना बदल नकोच होता म्हणून त्यांनी 'रद्द करा' दाबलं, तर माझ्या कोडने प्रश्न रद्द केला आणि चुकीचा पत्ता सेव्ह झाला. चूक माझीच. पण 'कन्फर्म' आणि 'अनडू' यांना नेमके शब्द कोणते वापरता?

प्रतिसाद:
पुष्टी करा / पूर्ववत करा. सगळीकडे हेच असतं, यात चर्चा कसली.

प्रतिसाद:
चर्चा आहे हो. 'पुष्टी' हिंदीतून आलेली वाटते मला या अर्थाने. आपल्याकडे पुष्टी मुद्द्याला मिळते, पुरावा देऊन, नाहीतर शरीराला. बातमीला मिळतो तो 'दुजोरा', पण दुजोरा द्यायला दुसरा माणूस लागतो, मीच केलेल्या बदलाला मीच कसा काय दुजोरा देणार?

'कायम' चांगला शब्द आहे, फक्त त्याच्यापुढे क्रियापद कोणतं येतं ते जपा, सगळा अर्थ तिथेच फिरतो. नोकरीत माणसाला 'कायम करतात', म्हणजे आधी तात्पुरता होता, आता पक्का झाला. वरच्या कोर्टाने शिक्षा 'कायम ठेवली' म्हणजे जी आधीपासून होती तिला हात लावला नाही. आता हेच फॉर्मवर आणा. 'बदल कायम करा' म्हणजे नवीन घ्या. नुसतं 'कायम ठेवा' लिहिलंत तर निम्मे लोक समजणार की जुनं आहे ते राहू द्या. एकच शब्द, करा की ठेवा एवढ्यावरून बरोब्बर उलटा निकाल.

आणि 'रद्द'ची तर गंमतच आहे, इंग्रजीतल्या तीन वेगळ्या बटणांना आपण एकच शब्द देऊन बसलोय. प्रश्नाची खिडकी बंद करणं, केलेला बदल टाकून देणं, आणि अख्खी नोंदच बाद करणं. हिशेबाचं काम केलेल्या माणसाला 'नोंद रद्द' म्हटलं की तिसरा अर्थ आधी आठवतो, घाबरेल बिचारा.

प्रतिसाद:
शिक्कामोर्तब!! अर्धवट गंमत म्हणून सांगतोय पण अर्थ फिट बसतो. शिवकाळातल्या पत्रांवर शिक्का वरती सुरुवातीला आणि मोर्तब, म्हणजे समाप्तीचा छोटा शिक्का, अगदी शेवटी असायचं, शिवाजी महाराजांच्या मोर्तबावरचा मजकूरच होता 'मर्यादेयं विराजते'. मजकुराची मर्यादा इथे संपली, आता खाली कोणी दोन ओळी घुसडू शकत नाही. डेटाबेसचं कमिट (बदल टेबलात पक्का नोंदवणं) म्हणजे दुसरं काय असतं?

प्रतिसाद:
मजा आली वाचून, पण बटणावर नको, लांबीलाही मावणार नाही. शिवाय कमिट मशीन करतं, कन्फर्म माणूस करतो, या दोन गोष्टी एकाच शब्दात कोंबू नका.

शब्द ठरवायच्या आधी नक्की किती मागे जायचंय ते ठरवा. ॲक्सेसमध्ये एस्केप एकदा दाबलं की ज्या खान्यात आहात तेवढाच बदल जातो, पुन्हा दाबलं की त्या नोंदीतले सगळे. आणि एकदा टेबलात गेलं की 'बिफोरअपडेट'वाली (सेव्ह व्हायच्या आधी चालणारा कोड) संधी संपली, 'आफ्टरअपडेट'मध्ये (सेव्ह झाल्यावर चालणारा कोड) 'मी.अनडू', म्हणजे Me.Undo, 'या फॉर्मवरचे बदल मागे घे', लिहून काहीही होत नाही (मी अनडू, हे वाचून दर वेळी हसू येतं). लोक आणखी एक चूक करतात, 'बिफोरअपडेट'मध्ये नुसतं 'कॅन्सल = ट्रू' करतात आणि 'मी.अनडू' विसरतात. मग सेव्ह तर थांबतं, पण चुकीचा मजकूर फॉर्मवर तसाच, माणूस पुढेही जाऊ शकत नाही आणि मागेही, त्याला वाटतं मशीन अडकलं.

सबफॉर्म (फॉर्मच्या आत बसवलेला दुसरा फॉर्म) असेल तर अजून जपून. मुख्य फॉर्मवरून कर्सर सबफॉर्ममध्ये गेला की मुख्य नोंद तिथल्या तिथे सेव्ह होते. म्हणजे वर ऑर्डरची माहिती बदलली, खाली चार वस्तू भरल्या आणि मग कोणी 'सगळं पूर्ववत करा' दाबलं तर वरचं परत येणारच नाही. तसं हवं असेल तर आधी कच्च्या टेबलात भरून घ्या, शेवटी एकदम खऱ्या टेबलात टाका. नाहीतर बटणावर 'सगळं' हा शब्द लिहू नका, खोटं आहे ते.

एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतल्या 'रोलबॅक'ला (कमिट न झालेले बदल मागे घेणं) मात्र 'माघार' छान वाटतो. मराठी विकिपीडियावर तिथल्या रोलबॅकला 'द्रुतमाघार' चालतोच. पण माघारीलाही वेळ असते, मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ऑटोकमिट (प्रत्येक बदल आपोआप कमिट होणं) मुळातच चालू असतं, ट्रान्झॅक्शन (एकत्र कमिट होणारा बदलांचा गट) सुरू न करता अपडेट मारलंत तर नंतर रोलबॅक म्हणून काही उपयोग नाही.

प्रतिसाद:
मी दिवसभर असे फॉर्म भरते. आम्ही प्रश्न वाचत नाही, खरं सांगते. बटण वाचतो, ते पण पहिला शब्द. 'होय' 'नाही' असेल तर होय दाबतो कारण पटकन पुढे जायचं असतं. पूर्ववत वगैरे शब्द कळतो, पण पूर्वी म्हणजे कधीचं ते कळत नाही, आत्ता टाइप करायच्या आधीचं की सकाळचं?

प्रतिसाद:
+१. 'पूर्ववत' बातम्यांमध्ये बरा, वाहतूक पूर्ववत झाली वगैरे.

मूळ लेखक:
सगळ्यांचे आभार. दिवसभर फॉर्म भरणाऱ्या ताईंचा प्रतिसाद वाचून मी 'होय' आणि 'रद्द करा' काढूनच टाकलं. मेसेजबॉक्सने (ॲक्सेसची तयार प्रश्नाची खिडकी) तर पहिल्या खेपेच्या आधीच दगा दिला होता, व्हीबीएच्या (ॲक्सेसमधली कोडची भाषा) एडिटरला युनिकोड (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) झेपत नाही, देवनागरी पेस्ट केली की नुसती प्रश्नचिन्हं, आणि त्याच्या बटणांवरचे शब्द आपल्याला बदलता येत नाहीत. म्हणून तेव्हाच छोटासा वेगळा फॉर्म केला होता, लेबलवर मराठी नीट दिसतं.

आता प्रश्न विचारतच नाही. 'ओल्डव्हॅल्यू'मधून खान्यातला जुना मजकूर घेतो आणि दोन ओळी दाखवतो, जुना पत्ता हा, नवा पत्ता हा. खाली बटणं 'नवा ठेवा' आणि 'जुना ठेवा'. कन्फर्म पण नाही, अनडू पण नाही, रद्द तर नाहीच.

प्रतिसाद:
छान, पण 'जुना ठेवा' म्हणजे वाडवडिलांनी पुरून ठेवलेलं धन वाटतंय :) 'जुना राहू दे' करा. आणि पत्त्याला जुना, तारखेला जुनी, नावाला जुनं, प्रत्येक खान्यासाठी बटण बदलणार आहात का?

मूळ लेखक:
अरे देवा, हे लक्षातच नव्हतं आलं. 'जुनंच राहू दे' आणि 'नवीन घ्या' करतो, नपुंसकलिंग सगळ्यांना चालून जातं.

प्रतिसाद:
आणि नोंदच पहिल्यांदा भरली जात असेल तर? तिथे जुनं कुठून आणणार?

मूळ लेखक:
ते 'न्यूरेकॉर्ड' (नोंद नवी आहे का ते सांगणारी खूण) तपासून वेगळं काढलंय. तिथे 'नोंद पक्की करा' आणि 'टाकून द्या'. 'टाकून द्या' जरा उद्धट वाटतंय हे मान्य, पण दाबल्यावर काय होणार याबद्दल कोणाला शंका राहत नाही. याहून बरं सुचलं तर सांगा, सोमवारपर्यंत बदलता येईल.