गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलमध्ये एकच ऑइल नको

दादा, तुम्ही विचारलंय की ड्युअल क्लच (आपोआप गिअर बदलणारी) नाही, साधी हाताने गिअर टाकायची ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद देणारी) गाडी आहे तर सगळीकडे एकच जीएल-५ (जास्त दाब सोसणारं गिअर ऑइल) टाकलं तर चालेल का, तर गिअरबॉक्समध्ये नका टाकू हो, गाडीच्या माहितीपुस्तिकेत तसं लिहिलं असेल तरच टाका. मागच्या डिफरेन्शियलमध्ये (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) हायपॉइड गिअर असतात, दात एकमेकांवर घासत सरकतात, तिथे जीएल-५ च लागतं. पण गिअरबॉक्समधल्या सिंक्रोच्या (गिअर टाकताना वेग जुळवून देणारा भाग) रिंगा बऱ्याचदा पितळेच्या, त्यांना जीएल-५ मधलं सल्फर-फॉस्फरस मानवत नाही आणि जास्त गुळगुळीत ऑइलमुळे सिंक्रोला पकडच मिळत नाही. माझ्या गाडीत आसरा चौकाकडच्या एका गॅरेजवाल्याने दोन्हीकडे एकच ओतलं, पंधरा दिवसांत सकाळी तिसरा गिअर टाकताना कर्र आवाज यायला लागला. जीएल-४ (जीएल-५ पेक्षा सौम्य गिअर ऑइल) भरल्यावर कमी झाला.

सुबारूचं वेगळं, पुढचं डिफरेन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात, म्हणून तिथे गिअरबॉक्समध्येही जीएल-५, ७५डब्ल्यू-९० (हा ऑइलच्या जाडीचा ग्रेड) सांगतात.

आपल्याकडे मे महिन्यात तापमान ४० अंशांच्या वर जातं म्हणून जाड ऑइल घ्या असं कोणी म्हणेल, ऐकू नका, कंपनीने दिलेलाच ग्रेड.

आणि हो, आधी भरायचा बोल्ट सुटतो का बघा, मगच खालचा काढा, नाहीतर ऑइल सांडून बसाल आणि भरता येणार नाही. खालच्या बोल्टच्या चुंबकाला करडी पेस्ट लागलेली असली तर ठीक, पण कपच्या दिसल्या तर फोटो टाका इथे, बघूया.