वाचन उपक्रमाच्या अनुदानाचा प्रस्ताव: शाळेने लिहायचा की बाहेरून लिहून घ्यायचा?

भांडुपची ताई
आमच्या वस्तीतल्या शाळेचा प्रस्ताव यंदा पैसे देऊन बाहेरच्या माणसाकडून लिहून घ्यायचं चाललंय आणि मला ते अजिबात पटत नाहीये. तो भाषा छान लिहील हो, पण तिसरीत किती पोरं अजून अक्षरांपाशी अडकलीत, किती शब्दांपर्यंत आलीत, गोष्ट सलग कोण वाचतं हे त्याला कुठून कळणार? आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, कलम २२ बघा, शाळा विकास आराखडा शाळा व्यवस्थापन समितीने करायचा आणि सरकारी अनुदानाला आधार तोच. समितीत ७५ टक्के पालक असतात. म्हणजे प्रस्तावातली गरज आधी त्या बैठकीत बोलली गेली पाहिजे, ठराव झाला पाहिजे, मग कागद.

विक्रोळीचे मास्तर
ताई, कायदा बरोबर आहे पण माणसं मोजा की. सकाळचं सत्र, दुपारचं सत्र, त्यात निवडणुकीची ड्युटी, ऑनलाइन माहिती भरणं, आणि वर प्रस्ताव पण आम्हीच लिहायचा? कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देऊ नये असं आहे. प्रस्ताव लिहिणं हे शिकवणं नाही. ज्याला ते जमतं त्याने लिहावं, मी तो वेळ मुलांना वाचून दाखवण्यात घालवीन.

अंधेरीचा हिशेबनीस
मी संस्थांचे हिशेब बघतो. दोघांनी पैशाकडे बघितलंच नाहीये. समग्र शिक्षा ह्या सरकारी शालेय योजनेतलं ग्रंथालय अनुदान शाळेच्या स्तराप्रमाणे वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपये आहे, त्यातून लिहिणाऱ्याची फी कुठून काढणार? आणि प्रस्ताव नाकारला जातो तो भाषेमुळे फार कमी वेळा, यूडायस नंबर, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, चुकलेला, पटसंख्या एका पानावर एक आणि दुसऱ्यावर वेगळी, मागच्या वर्षीचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामालाच खर्च झाले असं सांगणारं) लावलेलं नाही, बजेटची बेरीज जुळत नाही, ह्यातच सगळं अडकतं. हे शाळेतल्याच माणसाने तपासायचं, बाहेरच्याला ते दिसत पण नाही.

विक्रोळीचे मास्तर
मग तेच म्हणतोय ना मी, कागद जुळवणारा माणूस वेगळा हवा! ग्रंथालय तर आरटीईच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला सांगितलंय, वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टीची पुस्तकं धरून. जे कायद्यानेच द्यायचं त्यासाठी आम्ही पानंच्या पानं का भरायची?

भांडुपची ताई
मागितल्याशिवाय मिळत नाही म्हणून. आणि मास्तर, तुमचा वेळ मला पण महत्त्वाचा वाटतो, म्हणून सगळं तुम्ही लिहा असं नाही म्हणत मी. कागद हिशेबनीस दादांसारख्याने जुळवावेत. पण दोन गोष्टी शाळेतूनच आल्या पाहिजेत. एक म्हणजे स्तरनिश्चिती, मूल आज कुठे आहे आणि वर्षअखेरीला कुठे असेल. २०२१ ला केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान आलं तेच मुळी तिसरीपर्यंत मूल समजून वाचायला लागावं म्हणून, त्याच्याशी आपलं ध्येय जोडून दाखवा, तपासणाऱ्याला लगेच कळतं. दुसरी म्हणजे पुस्तकं आल्यावर पुढे काय, वाचन तास कधी, घरी कोण देणार, परत कोण घेणार, नोंद कोण ठेवणार. पुस्तकं कपाटात कुलूपबंद राहतात ती हे आधी न ठरल्यामुळे.

गोवंडीची आई
मी समितीत आहे. माझं म्हणणं एवढंच की पुस्तकांची यादी करताना आम्हाला विचारा. आमच्याकडे घरात हिंदी, उर्दू, मराठी सगळं चालतं, आणि मनपाच्या शाळा आठ माध्यमांच्या आहेत, मग सगळ्यांना एकच यादी का? मुलगी घरी पुस्तक आणते तेव्हा मला पण वाचता आलं तर मी तिच्याबरोबर बसेन.

विक्रोळीचे मास्तर
यादीचं पटलं, स्तरनिश्चिती आम्ही करतोच, ते आकडे देतो. पण लिहायला बसणार नाही, ह्यावर मी ठाम आहे.