मदत हवी आहे: दोन मिनिटांत बसवायचंय, आजींचा शॉट कापायचा का?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात अकरावीला आहे. केंब्रिज बोर्डाच्या एएस लेव्हलला मीडिया स्टडीज घेतलंय. आम्हाला एका नव्या, काल्पनिक सिनेमाची फक्त सुरुवात करायची आहे, श्रेयनामावलीसकट जास्तीत जास्त 2 मिनिटं. गटात आम्ही चौघं. चित्रीकरण, आवाज सगळं आपलंच हवं. संगीत किंवा साउंड इफेक्ट बाहेरून घेतले तर कॉपीराइट नसलेलेच.

आमची गोष्ट अशी. सोसायटीचा जिना, सकाळचे सात. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बंद दाराच्या कडीला कापडी पिशवी, तिच्यात दुधाच्या तीन पिशव्या. वरची ताजी, पाणी सुटलेली, खालच्या दोन फुगलेल्या. समोरच्या आजी येतात, एक पिशवी उचलून बघतात, परत ठेवतात. मग घरात जाऊन ड्रॉवरमधून त्याच दाराची किल्ली काढतात. तिथे सिनेमाचं नाव येतं, 'तिसरी पिशवी'.

आजी म्हणजे मैत्रिणीची खरी आजी. कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच उभ्या राहिल्या. आम्ही एवढंच सांगितलं होतं, की पिशवी बघा आणि ठेवा. दुसऱ्या टेकला त्यांनी पिशवी नाकाशी नेली, ओला हात पदराला पुसला आणि दाराकडे बघत राहिल्या. आम्ही कोणी हललोसुद्धा नाही. तो शॉट 41 सेकंदांचा आहे आणि सगळे शॉट जोडून आमचा कट भरलाय 2 मिनिटं 52 सेकंद. दोघं म्हणतात आजींना कापू, जिना ठेवू, कारण वातावरण जिन्यामुळे तयार होतं. मला ते पटत नाही. पण माझा जीव त्या शॉटमध्ये अडकलाय म्हणून तसं वाटतंय का, तेही कळत नाही.

आणखी दोन अडचणी आहेत. जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात. आणि नावं टाकताना ॲपमध्ये 'दिग्दर्शन'मधली जोडाक्षरं तुटतात.

प्रतिसाद 1

अगं, तुझं बरोबर आहे, आजी ठेव. मी एडिटिंग करतो म्हणून सांगतो. सुरुवातीचं काम प्रेक्षकाच्या मनात प्रश्न पेरायचं. जिना कोणताही प्रश्न विचारत नाही, पदराला पुसलेला हात विचारतो.

तरी 41 सेकंद पूर्ण नकोत. दार उघडणं, चपला सरकवणं काढ, हात पिशवीकडे जातो तिथून सुरू कर. जिना किती सेकंद आहे? काळ्या पडद्यावर नावं टाकली असतील तर तीही जिन्याच्या रिकाम्या भिंतीवर घे. आजींच्या चेहऱ्यावर मात्र एकही अक्षर नको.

पट्टे येतात कारण आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. फोन ऑटोवर असला की शटरचा, म्हणजे एकेक फ्रेम किती वेळ उजेड घेते त्याचा, दिव्याशी मेळ बसत नाही. मॅन्युअल मोडमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर लॉक करून जिना पुन्हा शूट करा. बाकीचं सेकंदाला 30 फ्रेम्सवर असेल तर तेच ठेवा, मध्येच 25 करू नका.

जोडाक्षरांसाठी नावं दुसरीकडे टाइप करून पारदर्शक पीएनजी बनवा आणि चित्र म्हणून वर ठेवा. आणि जाल तेव्हा जिन्यात अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा, सगळ्यांनी गप्प राहून. दोन शॉट जुळतात त्या सांध्यांखाली तीच अंथरायची, म्हणजे आवाज तुटल्यासारखा वाटत नाही.

प्रतिसाद 2

तिन्ही पिशव्या एकाच दिवशी आणल्या होत्या का? दुधाच्या पिशवीवर तारीख छापलेली असते. क्लोजअपमध्ये ती वाचता आली तर तीन दिवस दार उघडलं नाही हे कोणी मानणार नाही. गोष्ट त्या तीन दिवसांवरच उभी आहे ना?

मूळ धागाकर्ती

दादा, ताई, मनापासून आभार!

जिना 48 सेकंद होता आणि काळ्या पडद्यावरची नावं 22. दोन्ही मिळून 24 सेकंदांत बसवलं, नावांना वाचायला पुरेसा वेळही मिळतोय. आजी 33 वर आल्या. एकूण 1 मिनिट 58 सेकंद. जिन्याच्या बाजूने भांडणाऱ्या मित्राला काल नवा कट दाखवला, तर तो म्हणाला, आजी अजून दोन सेकंद थांबू देत. तेवढी जागा आहे, पण अगदी काठावर जायची भीती वाटते.

ताई, तारखेचं आमच्या चौघांच्याही लक्षात आलं नव्हतं. तिन्ही पिशव्या खरंच एकाच दिवशीच्या निघाल्या, दोन आम्ही नुसत्या बाहेर ठेवून फुगवल्या होत्या. आता रोज एक आणतोय. शुक्रवारची आज आणून बाल्कनीत ठेवलीय, उद्या शनिवारची. रविवारी साडेसहाला तिसरी हातात आली की पिशव्यांचा क्लोजअप आणि जिना, दोन्ही पुन्हा घेणार आहोत.