प्रतिसाद : विक्रम २०२० मध्ये परत डुनेडिनकडे आला

जगातला सगळ्यात खड्या चढाचा रस्ता म्हणून न्यूझीलंडच्या डुनेडिन शहरातल्या बाल्डविन स्ट्रीटचा विक्रम होता. वेल्समधल्या हार्लेक गावच्या रस्त्याने त्याला मागं टाकलं असं इथं कुणी लिहिलंय, ते २०१९ पुरतं खरं. २०२० मध्ये हा मान परत न्यूझीलंडला मिळाला. हार्लेकचा रस्ता वळणाचा आहे, आणि वळणाच्या आतल्या कडेला चढ जास्तच भरतो. मग रस्त्याच्या मध्यरेषेवरच मोजायचं ठरलं आणि बाल्डविन स्ट्रीटचा ३४.८ टक्के चढ पहिला आला. म्हणजे २.८७ मीटर पुढं गेलं की एक मीटर वर!

अजून कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो, बाल्डविन स्ट्रीटचा वरचा खडा भाग डांबरी नाही, काँक्रीटचा आहे. कारण उन्हानं डांबर मऊ होऊन उतारावरनं खाली सरकतं. मला हे वाचून लगेच पटलं, कारण चैत्रात जोतिबाला चालत जाताना घाटाच्या एका वळणावर डांबराला पडलेल्या सुरकुत्या मी हात लावून बघितल्यात. गालिचा ढकलल्यावर पडतात तशा, सगळ्या उताराच्या बाजूला. चपलेला चिकटलेलं डांबर घरी येऊन रॉकेलनं काढावं लागलं होतं. आपल्याकडचा तो चढ तर बाल्डविनच्या पासंगालाही पुरत नाही.