मदत हवी आहे: आयओटीएनच्या (दातांना तारा लावण्याची गरज मोजणाऱ्या निर्देशांकाच्या) श्रेणी ३ आणि ४ च्या सीमेवरची मुलं
इंग्लंडमध्ये एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) खर्चाने १८ वर्षांखालच्या मुलांना तारा मिळतात त्या आयओटीएनवर. दंत-आरोग्य श्रेणी ४-५ सरळ पात्र. ३ असेल तर दात दिसायला कसे आहेत ते ठरवणाऱ्या १० फोटोंच्या मोजपट्टीवर किमान ६ वा क्रमांक हवा. अडतं ते सीमेवर. वरचे दात ६ मिमीपेक्षा जास्त पुढे असले की श्रेणी ४, पण मोजायची पट्टी पाहताच मूल खालचा जबडा पुढे सरकवतं आणि ७ मिमीचे ५ होतात! दाढा नीट मिटवून, पट्टी चाव्याच्या पातळीला समांतर धरूनही दोन तपासनिसांचे आकडे जुळत नाहीत. शेजारी दुधाचा दात असेल तर संपर्कबिंदूंमधलं (शेजारचे दात जिथे एकमेकांना टेकायला हवेत त्या बिंदूंमधलं) अंतर धरायचं नसतं, हेही निसटतं. नवीन तपासनिसांचा हात कसा बसवता? आधी प्लास्टरच्या साच्यांवर, की थेट मुलांवर? एका मिलिमीटरच्या चुकीने गरजू मूल वगळलं जातं, म्हणून तुमची पद्धत टप्प्याटप्प्याने सांगा.